लॅब्रॅडॉर, सोसायटीची नोटीस आणि आईचा पोपट

प्रश्न असा आहे: "पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. सव्वा वर्षाचा लॅब्रॅडॉर आहे. परवा पार्सल घेऊन आलेल्या मुलाच्या पोटरीला तो दारातच चावला, रक्त आलं. मुलगा पोलिसांत जाईन म्हणतो. सोसायटीने नोटीस दिली आहे: १५ दिवसांत कुत्रा हलवा, तोवर लिफ्ट वापरू नका. लस दिलेली आहे पण कार्ड सापडत नाही. महापालिकेचा परवाना काढलेला नाही. कुत्रा गावी वडिलांकडे पाठवून द्यावा का? पुढच्या महिन्यात आई राहायला येतेय, तिच्याबरोबर तिचा पोपट येईल, त्यालाही परवाना लागतो का? आणि जाता जाता, वडिलांची गाय शेजाऱ्याच्या रानात शिरते म्हणून तो तिला कोंडवाड्यात घालीन म्हणतो. तसं करता येतं का?"

आधी त्या मुलाबद्दल. तुमच्या प्रश्नात नोटीस आहे, लिफ्ट आहे, पोपट आहे. त्याला इंजेक्शन मिळालं का, ते मात्र कुठे नाही. हे वाचून झालं की पहिला फोन त्याला करा.

दात लागून रक्त आलं म्हणजे ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची जखम. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, पट्टी घट्ट बांधायची नाही, शक्यतो टाके घालायचे नाहीत. मी जनावरांची डॉक्टर आहे, तरी कुत्रा चावलेली माणसं आधी माझ्याकडेच येतात, आणि कितीतरी जण जखमेवर मिरचीपूड, हळद नाहीतर चुना थापून आलेले असतात. त्याने तसं काही केलं असेल तर आत्ताही धुवायला सांगा. सरकारी दवाखान्यात कातडीतली लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. खाजगीत दंडावर घेतली तर १४ व्या दिवशीचा एक डोस जास्त. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, त्या भीतीने तो टाळत असेल तर हे त्याला सांगा. रक्त आलेल्या जखमेला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते जखमेत आणि जखमेभोवती भरतात. पहिल्या दिवशी राहून गेलं असेल तर लशीच्या पहिल्या डोसापासून ७ दिवसांच्या आत देता येतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असंच धरून चालायचं, त्यामुळे "बघू, काही झालं तर जाऊ" ही भाषा इथे चालत नाही.

आता कुत्रा. चावल्या दिवसापासून १० दिवस तो तुमच्या नजरेसमोर हवा. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणं दिसण्याच्या थोडे दिवस आधीपासून असतो. चावला तेव्हा लाळेत विषाणू असेल तर या १० दिवसांत कुत्रा आजारी पडतो किंवा मरतो. १० दिवस धडधाकट राहिला तर त्या चाव्यातून रेबीज नाही. म्हणून गावी पाठवायचा विचार आत्ता तरी सोडा. कुत्रा एसटीच्या डिकीतून गेला, गावी सुटला, हरवला, की तो मुलगा आणि त्याचे डॉक्टर अंधारात राहिले. खाणं-पाणी टाकणं, आवाज घोगरा होणं, लाळ गळणं, खालचा जबडा लोंबणं, अंधारात जाऊन बसणं, हवेत चावे घेणं यांतलं एकही दिसलं तर त्याला हात न लावता खोलीचं दार लावून घ्या आणि फोन करा.

सव्वा वर्षाचा आहे, म्हणजे तिसऱ्या महिन्यात लस झाली असेल तर वर्षाचा डोस नेमका आत्ताच येतो. घाईने टोचून आणू नका. या १० दिवसांत मी लस देत नाही. नंतर ताप आला, सुस्ती आली, तर ती लशीची की आजाराची हे कुणालाच सांगता येत नाही. अकराव्या दिवशी द्या. कार्ड हरवलं तर ज्या डॉक्टरांनी लस दिली त्यांच्या नोंदवहीत तारीख आणि बाटलीचा बॅच नंबर असतो, दुसरी प्रत मिळते. ती आजच मागा. पोलिसांपुढे, सोसायटीपुढे आणि परवान्याच्या खिडकीवर तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न तोच असतो.

पोलिसांकडे तो गेला तर काय होईल? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम २९१ म्हणतं की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा जो संभाव्य धोका असेल, तो टाळण्यापुरती काळजी जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने घेतली नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच २८९ होतं आणि दंड १,००० रुपये होता. त्याच्या जोडीला कलम १२५ लागू शकतं, बेदरकार किंवा हलगर्जी कृत्याने दुसऱ्याला इजा झाल्याचं. तिथे साध्या दुखापतीला ६ महिन्यांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

यातला "संभाव्य" हा शब्द नीट बघा. कुत्र्याला दात आहेत हा गुन्हा नाही. धोका तुम्हाला दिसत होता का, आणि दिसत असताना तुम्ही काय केलं, हे विचारलं जातं. आधी कधी कुणाच्या अंगावर गेला होता का? वॉचमनने तोंडी सांगितलं होतं का? सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं होतं का? हे सगळं उद्या कागदावर येऊ शकतं. परवाची घटना पहिलीच असेल तर तुम्ही म्हणू शकता की असं काही होईल याची कल्पना नव्हती. पुढच्या वेळेस ते म्हणता येणार नाही. परवापासून तुम्हाला कल्पना आहे.

मुंबईतली दोन प्रकरणं सांगते, दोन्हींच्या बातम्या आल्या होत्या. २०१० मध्ये एक रॉटवायलर मालकाच्या नातेवाइकाला चावला. कुत्रा आक्रमक आहे हे माहीत असून गाडीचं दार उघडून त्याला बाहेर सोडलं, असा ठपका होता. २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयाने मालकाला ३ महिन्यांची शिक्षा दिली. तेरा वर्षं तारखा. दुसरं वरळीचं, २०१८ सालचं, आणि ते तुमच्या लिफ्टच्या वादाशी थेट जुळतं. लिफ्टमध्ये वडील आणि लहान मुलगा होते. मुलगा कुत्र्याला घाबरतो, जरा थांबा, असं वडिलांनी सांगितलं. मालकाने न ऐकता आपला हस्की जातीचा कुत्रा साखळीने ओढत आत आणला, आणि कुत्रा वडिलांना चावला. मे २०२५ मध्ये मालकाला ४ महिन्यांची सक्तमजुरी झाली. न्यायालयाला खटकलं ते ओढत आणणं. समोरच्याने थांबा म्हटल्यावर न थांबणं हेच तिथे हलगर्जीपणाचं माप ठरलं. अर्धा मिनिट थांबला असता तर तो माणूस आज त्या बातमीत नसता.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नाही, ती मी ओळखते. बेल वाजली, घरातल्या कुणीतरी एका हाताने दार उघडलं, कुत्रा पायांमधून सुटला. माझ्याकडे येणाऱ्या पाळीव कुत्र्यांच्या चाव्यांपैकी बरेचसे असे उंबऱ्यावरचे असतात, त्यातही पार्सल, दूध, गॅस सिलिंडर आणि कचरा घेणाऱ्या मावशी. रस्त्यावर गरीब असलेला कुत्रा दारात वेगळा वागतो, कारण दार त्याचं असतं. मुख्य दाराला जाळीचं सेफ्टी डोअर नसेल तर या आठवड्यात लावून घ्या. बेल वाजली की आधी कुत्रा खोलीत, मग कडी. एवढं केलं, त्याचा फोटो आणि बिल ठेवलं, तर उद्या "काळजी घेतली नाही" असं म्हणणाऱ्यासमोर ठेवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

त्या मुलाचे औषधाचे पैसे आणि बुडालेली रोजी तुम्ही द्या. त्याला पगारी रजा नाही. पैसे दिले म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही, आणि नाही दिले तर तो दिवाणी न्यायालयात भरपाई मागू शकतोच. माझ्या पाहण्यात असे तंटे बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतल्या वागण्यावर मिटतात किंवा चिघळतात. "आमचा कुत्रा असं करूच शकत नाही, तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य तोंडातून गेलं की समोरचा माणूस थेट चौकीत जातो.

परवाना काढा. पुण्यासह बऱ्याच महापालिकांत पाळीव कुत्र्याचा परवाना बंधनकारक आहे, त्याची मुदत असते, नूतनीकरण करावं लागतं. रेबीज लसीकरणाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो, एवढंच लागतं, आणि शुल्क कुत्र्याच्या महिन्याच्या खाण्याच्या मानाने काहीच नाही. पूर्वी परवान्याबरोबर गळ्यात अडकवायचा बिल्ला मिळायचा. मी महापालिकेच्या कामात असताना बिल्ला नसलेला कुत्रा पाळीव असूनही भटके कुत्रे पकडणाऱ्या गाडीत चढलेला पाहिलाय, आणि मालक दुसऱ्या दिवशी रडत आलेला. आता गळपट्ट्यावर फोन नंबर कोरून घेतलात तरी काम होतं. चाव्यानंतर परवाना काढला तर "आत्ताच कसा काढला" असं विचारतील अशी भीती नको. उशिराचा परवाना नसलेल्या परवान्यापेक्षा केव्हाही बरा.

आता सोसायटी. कुत्रा हलवा म्हणायचा अधिकार सोसायटीला नाही. केंद्राच्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये याबद्दल सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, कुत्र्याचा आकार किंवा जात बघून भेद करता येत नाही, भुंकतो म्हणून घराबाहेर काढता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. मात्र त्याच सूचनांमध्ये मालकांनाही सांगितलंय की सार्वजनिक जागेत पट्टा हातात ठेवा, घाण उचला, लस वेळेवर द्या, दुसऱ्यांना त्रास होणार नाही असं बघा. लोक पहिलं पान छापून सेक्रेटरीच्या तोंडावर फेकतात आणि दुसरं घरी ठेवतात.

वकिलाच्या नोटिशीने सुरुवात करू नका. एक पानाचं साधं पत्र द्या: घडलं त्याबद्दल वाईट वाटतं, मुलाचा उपचार आम्ही करतोय, कुत्रा १० दिवस निरीक्षणाखाली आहे, लसीचा दाखला जोडला आहे, परवान्याचा अर्ज केला आहे, सेफ्टी डोअर लावलं आहे, लिफ्टमध्ये कुणी असेल तर आम्ही पुढच्या फेरीची वाट पाहू, पट्टा चार-पाच फुटांचा ठेवू आणि तो मोठ्या माणसाच्याच हातात असेल. शेवटी मंडळाच्या सूचनांचा उल्लेख करून एवढंच लिहा की कुत्रा हलवण्याची मागणी आम्हाला मान्य नाही. पोच घ्या. तरी नोटीस मागे घेतली नाही, पाणी किंवा वीज तोडायची भाषा आली, तर सहकारी संस्थांचे उपनिबंधक आहेत. पण तेवढी वेळ क्वचित येते. चिडलेल्या सोसायटीला बहुतेक वेळा कुत्रा घालवायचा नसतो, मालकाने आपलं ऐकलं असं दिसायला हवं असतं.

दोरी सोडली की लांबत जाणारा, बटण असलेला पट्टा लिफ्टसाठी वापरू नका. आणि चौथीतल्या मुलीच्या हाती ३० किलोचा कुत्रा देऊन तिला खाली पाठवू नका. चावा झालाच तर "पट्टा होता" हे उत्तर तिथे कुणी ऐकत नाही.

आणखी एक. तुमच्या कुत्र्याची जात कुठल्याही धोकादायक यादीत नाही. केंद्राने १२ मार्च २०२४ ला २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं, पिटबुल, रॉटवायलर, तोसा इनू वगैरे. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं. त्यामुळे "अमुक जातीवर देशात बंदी आहे" असे जे फॉरवर्ड फिरतात ते सोडून द्या.

गावी पाठवण्याबद्दल १० दिवसांनंतरही माझं मत बदलणार नाही. वडिलांना कुत्रा हवाय का, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. लॅब्रॅडॉर गावी गेला की बहुधा गोठ्याच्या खांबाला दाव्याने बांधला जातो. गाव जुन्नर-आंबेगावच्या बाजूचं असेल तर रात्री बिबट्याचं आयतं भक्ष्य. दिवसभर बांधून ठेवलेला कुत्रा चिडका होतो, आणि तुम्ही ज्या चाव्यामुळे त्याला पाठवलं तोच चावा तिथल्या एखाद्या शाळकरी पोराला बसतो. शिवाय प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमात क्रूरतेची लांबलचक यादी आहे: मारणं, क्षमतेबाहेर काम घेणं, अन्न-पाणी-निवारा न देणं, फार आखूड किंवा जड साखळीने बराच वेळ बांधून ठेवणं, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणं. आणि एक कलम तर खास तुमच्या-आमच्या फ्लॅटसाठी लिहिल्यासारखं आहे: नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं हीसुद्धा क्रूरताच. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक मांडून हा विषय लावून धरला आणि त्यातून पुढे सरकारने हा कायदा आणला. बाल्कनीत दिवसभर बांधलेला कुत्रा तेव्हाही कुणाच्या तरी डोळ्यांसमोर असणार.

या कायद्याची ताकद किती, तेही खरं सांगते. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. ३ वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. १९६० मध्ये ५० रुपयांना वजन होतं, आज त्यात दोन माणसांचा नाष्टा होत नाही. बहुतेक प्रकार अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे तपास करू शकत नाहीत. आणि एक अट वकिलांच्याही लक्षात राहत नाही: घटनेपासून ३ महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो दाखलच होत नाही. शेजारचा माणूस कुत्र्याला उपाशी ठेवतो अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा "गेल्या दिवाळीपासून" म्हणतात. गेल्या दिवाळीचं आता काही होत नाही. तारीख घातलेले फोटो, या महिन्यातले, ते आणा.

जीव घेतला किंवा कायमचं जायबंदी केलं तर गोष्ट वेगळी. न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राणी मारणं, विष घालणं, लुळा करणं याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. जुन्या संहितेत प्राण्याची किंमत १० रुपये की ५० रुपये यावरून कलम बदलायचं, ती भानगड आता गेली. हे तुमच्या बाजूनेही लक्षात ठेवा. अशा वादानंतर जिन्यात पोळीत घातलेलं उंदरांचं औषध सापडल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. फिरायला नेताना खाली पडलेलं काही खाऊ देऊ नका.

सोसायटीत पाळीव कुत्र्यावरून भांडण लागलं की भटक्यांचं निघतंच, म्हणून थोडक्यात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याला पकडून, नसबंदी आणि लसीकरण करून त्याच जागी सोडायचं असतं. खायला घालण्याची जागा आणि वेळ सोसायटीने ठरवायची, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, ये-जा असलेल्या दारापासून लांब. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व कायम ठेवलं, फक्त पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे परत सोडायचे नाहीत असं सांगितलं, आणि रस्त्यात वाटेल तिथे खायला घालायला मनाई केली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं इथले कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायचे, तिथे परत सोडायचे नाहीत, असं आहे. तुमची सोसायटी यातलं काही नाही. म्हणून "कोर्टाने सांगितलंय, सगळे उचला" असं कुणी सभेत म्हणालं तर दोन्ही आदेश हातात ठेवून बोला. गोव्याने दरवर्षी बहुसंख्य कुत्र्यांना लस देण्याचा धोशा लावून २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. आपल्याकडे सभेत चार तास भांडण होतं आणि लशीच्या शिबिराला दोन माणसं येतात.

आता आईचा पोपट. हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, पण तुमच्या सगळ्या प्रश्नात कायद्याने सर्वांत जड गोष्ट हीच आहे. हिरवा, लाल चोचीचा, गळ्याभोवती कंठ असलेला आपला पोपट हा वन्यजीव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. त्याला परवाना नाही, कारण परवान्याची सोयच नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे, आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुत्रा माणसाला चावला तर कलम २९१ चे ५,००० रुपये, आणि आजीच्या ओसरीवर "विठू विठू" म्हणणाऱ्या पक्ष्याचे १ लाख. आपल्या पिढीने हा पिंजरा इतका पाहिलाय की त्यात गुन्हा दिसतच नाही. मुनिया आणि पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेलं कासव यांचंही तसंच. कासव तर पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे शिक्षा किमान ३ वर्षांपासून सुरू होते, आणि लोक ते लक्ष्मी येते म्हणून पाळतात.

पिंजऱ्याचं दार उघडून उडवून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला, पंख छाटलेला पोपट दोन दिवसांत मांजराच्या किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडतो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आपणहून पक्षी द्यायचा आहे असं सांगा. आपणहून आलेल्या माणसाला आणि धाडीत सापडलेल्या माणसाला सारखं वागवलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आईला पक्षी हवाच असेल तर बजरी, ज्यांना आपण उगाच लव्हबर्ड म्हणतो, किंवा कॉकाटिल पाळता येतो. आफ्रिकन ग्रे, मकाऊ, सन कॉन्यूर असले महागडे परदेशी पक्षी घ्यायचे तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणारा "कागद लागत नाहीत" म्हणाला तर तिथून निघा.

राहिली वडिलांची गाय. हो, कोंडवाड्यात घालता येते. गावात कोंडवाडा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतो, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात त्यावर स्वतंत्र प्रकरणच आहे. पीक खाणारं जनावर धरून कोंडवाड्यात पोचवायचं, नोंद करायची, मालकाने दंड आणि चारा-पाण्याचा खर्च भरून पावती घेऊन सोडवायचं. कुणी न्यायला आलंच नाही तर लिलाव. शेजाऱ्याला जे करता येत नाही ते असं: गाय स्वतःच्या गोठ्यात बांधून ठेवून पैसे मागणं, दगड-काठी मारून पाय मोडणं, कुंपणात वीज सोडणं. तिथे पुन्हा ते ३२५ कलम येतं. आणि वडिलांनी काय करायचं नाही तर कोंडवाड्याकडे चाललेली गाय वाटेत जबरदस्तीने सोडवून आणायची नाही. तो वेगळा गुन्हा होतो. मी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात होते तेव्हा असल्या भांडणात खरं कारण कधी गाय नसायचं, बांध नाहीतर पाण्याची पाळी असायची. गाय फक्त निमित्त.

गाईच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला आहे का विचारा. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, वीज पडून जनावर दगावलं तर भरपाईलाही तो लागतो, आणि कोंडवाड्यात गाय कुणाची यावर वाद झाला तर तोच क्रमांक बोलतो. अंगावर गाठी, ताप असं काही दिसलं तर ते लपवायचं नाही. २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने लम्पीसारख्या रोगाची खबर देणं आणि आजारी जनावर वेगळं बांधणं ही मालकाची जबाबदारी आहे. आणि पान्हा सोडायला कुणी ऑक्सिटोसिन टोचत असेल तर तेही बंद. त्याला त्याच १९६० च्या कायद्यात १२ वं कलम आहे, २ वर्षांपर्यंत कैद, आणि तो मोजक्या दखलपात्र प्रकारांपैकी एक आहे.

वडिलांना गाईच्या कानाचा फोटो काढून पाठवायला सांगा, नंबर वाचता येईल असा. मग लशीचा दाखला, परवान्याच्या अर्जाची पोच आणि सेफ्टी डोअरचं बिल यांच्याबरोबर तो एकाच फाईलला लावून ठेवा.